कपड्यावरचा काळा चौकोन: लेबल आणि क्यूआर कोड वाचायला शिकताना

पोळ्याच्या आधीची गोष्ट. शेजारच्या काकू नातवासाठी यवतमाळहून आणलेला सदरा घेऊन आमच्या दुकानात आल्या. कॉलरला पुठ्ठ्याचा टॅग, टॅगवर हिरवं पान आणि पानाखाली क्यूआर कोड. काकूंनी विचारलं, "काहून वं, हे शर्ट घेतल्यावर अजून पैसे पाठवा लागते का?"

त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या राळेगाव तालुक्यात क्यूआर कोड म्हणजे किराणा दुकानाच्या काउंटरवरचं पैसे घ्यायचं स्टिकर. मी मोबाइलनं तो कोड स्कॅन केला. इंग्रजीतलं एक पान उघडलं. पृथ्वी, झाडं, हसणारी मुलं, एक व्हिडिओ. काकूंनी चष्मा पुसून पाहिलं आणि दुसरा प्रश्न केला, "कापूस आपल्या इकडला हाय का, हे सांगते का थे?" नेमकं तेच ते पान सांगत नव्हतं.

गेली काही वर्षं मी दुकानात बसते, घरी सासऱ्यांची सहा एकर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, आहे, आणि काकूंचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपण कापूस पिकवणारी माणसं. जिनिंगवाल्यानं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्यानं, नुसती मूठभर रुई (सरकी काढलेला कापूस) ओढून दाखवली तरी धाग्याची लांबी ओळखतो, ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, ग्रेडर गाडी परत पाठवतो हे पाठ असतं. तोच कापूस कपडा होऊन परत आला की मात्र आपण फक्त रंग आणि किंमत विचारतो. ज्यांनी पहिल्यांदाच टॅग उलटून पाहायचं ठरवलंय त्यांच्यासाठी, आणि आपल्या बचत गटाच्या कपड्यावर असा कोड लावायचा विचार करणाऱ्या बायांसाठी, मला जे कळलं ते क्रमानं लिहिते.

पहिलं काम: कोड बाजूला ठेवा, कपडा उलटा करा

टॅगवरचं हिरवं पान सगळ्यात आधी डोळ्यात भरतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी पाहायचं. आधी कपडा उलटा करून बगलेच्या खालच्या शिवणीत किंवा मानेमागे शिवलेली छोटी पट्टी शोधा. त्यावर कपडा कशाचा आहे ते टक्क्यांत लिहिलेलं असतं. शंभर टक्के कॉटन, साठ टक्के कॉटन आणि चाळीस टक्के पॉलिएस्टर, व्हिस्कोस, असं काहीतरी.

बाजारात फसगत होते ती "कॉटन"च्या पुढे चिकटलेल्या शब्दांनी. कॉटन फील, कॉटन टच, कॉटन फिनिश, कॉटन लुक. यातल्या एकाही शब्दाचा अर्थ कापूस असा होत नाही. हात लावला की सुती वाटेल, एवढाच त्याचा अर्थ. जगात तयार होणाऱ्या धाग्यांत आज निम्म्याहून जास्त वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे आणि कापसाचा साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे दुकानात हाताला येणारा कपडा कापसाचा असेलच असं धरून चालता येत नाही, यवतमाळ जिल्ह्यातल्या दुकानातही नाही.

शिवलेली पट्टीच नसेल, तर घरी आणल्यावर आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे ओढून काढा आणि चिमट्यात धरून चुलीवर जाळा. कापूस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. तो मणी बोटाला चिकटला तर चांगलाच भाजतो, म्हणून लेकरांना दूर ठेवा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर.

या परीक्षेची एक पळवाट आहे. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, लाकडाच्या लगद्यापासून बनतं आणि तेही कागदासारखंच जळतं. तेव्हा जाळण्याबरोबर भिजवूनही पाहा. एक धागा कोरडा आणि एक ओला ओढून तोडा. कापसाचा धागा ओला झाला की जास्त चिवट होतो, व्हिस्कोसचा ओला धागा सहज तुटतो. नदीवर कपडे आपटून धुणाऱ्या आपल्या आज्यांना हा फरक लेबलाशिवाय कळत होता.

टॅगवर काय छापलेलंच असायला हवं

तयार कपड्यावर कमाल किरकोळ किंमत, साइज, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल असायला हवं. हे डोळ्यांनी वाचता येईल असं छापलेलं पाहिजे. ज्याच्याकडे साधा मोबाइल आहे त्याला किंमतसुद्धा स्कॅन करून पाहायला लावणारा टॅग मी दुकानात ठेवत नाही.

"मेड इन इंडिया" वाचून लगेच आपला कापूस समजू नका. कपडा इथे शिवला गेला की तसं लिहिता येतं. धागा कुठला, कापूस कुठला, हे त्या तीन शब्दांत येत नाही. फ्रान्समध्ये २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना कापड कुठे विणलं, कुठे रंगवलं आणि कुठे शिवलं हे तिन्ही देश वेगवेगळे सांगावे लागतात. कपड्यात कृत्रिम धागा निम्म्याहून जास्त असेल तर धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, हेही लिहावं लागतं. आपल्याकडे असं काही बंधन अजून नाही, म्हणून विचारायचं काम ग्राहकाच्या अंगावर येतं.

आता कोड: आधी सुरक्षितपणे उघडायला शिका

मोबाइलचा कॅमेरा कोडसमोर धरला की वर एक पत्ता दिसतो. लगेच बोट लावू नका, आधी तो पत्ता वाचा. टॅगवर ज्या कंपनीचं नाव आहे तेच पत्त्यात दिसतंय का? भलतीच अक्षरं दिसली, किंवा टॅगवर वरून दुसरं स्टिकर चिकटवलेलं दिसलं, तर सोडून द्या. कपड्याची माहिती पाहायला कधीही पिन, ओटीपी किंवा बँकेचा नंबर लागत नाही. बक्षीस लागलंय, पैसे मिळवायला पिन टाका, असं पान उघडलं तर ते बंद करून मोबाइल खिशात घाला. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. आठवडी बाजारातल्या प्रत्येक बाईला मी हे एक वाक्य सांगते.

गावात रेंज नसेल तर टॅगचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. एसटी स्टँडवर नेट आलं की फोटोतूनही कोड उघडता येतो. पान इंग्रजीत असेल तर ब्राउझरमध्ये मराठी भाषांतराची सोय असते. भाषांतर ओबडधोबड असतं, पण देश, गाव, टक्के आणि तारीख कळण्यापुरतं पुरतं.

उघडलेल्या पानाला विचारायचे प्रश्न

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण सगळी मेख इथेच आहे.

माझ्या बहिणीला बाळ झालं तेव्हा मी एका ऑनलाइन दुकानातून सेंद्रिय कापसाचं झबलं मागवलं. साध्या झबल्याच्या अडीचपट किंमत. टॅगवर कोड होता, मी आनंदानं स्कॅन केला, तर कंपनीचं मुखपृष्ठ उघडलं. त्यावर उन्हाळी सेल. झबल्याबद्दल एक अक्षर नाही. मी ईमेल केला, उत्तर आलं की "आम्ही पर्यावरणाशी बांधील आहोत". ते झबलं सेंद्रिय असेलही, पण मला ते कळायला कुठलाच मार्ग नव्हता आणि पैसे मात्र मी त्या कळण्याचेच जास्त दिले होते. तेव्हापासून मी पहिला प्रश्न हाच विचारते: हे पान याच कपड्याबद्दल बोलतंय का? त्यावर लॉट नंबर, बॅच नंबर किंवा निदान या डिझाइनचं नाव आहे का? नसेल तर तो कोड म्हणजे जाहिरातीचा छोटा फलक.

दुसरा प्रश्न प्रवासाचा. कापूस, जिनिंग, सूतगिरणी, विणाई, रंगाई, शिलाई. यातले किती टप्पे जागेच्या नावासह सांगितलेत? बहुतेक पानं शिलाईच्या कारखान्याचा फोटो देतात आणि तिथेच थांबतात. रंगाई कुणी सांगत नाही, आणि नदीनाल्याचं पाणी खराब होतं ते मुख्यतः तिथेच. मला तर रंगाईचं ठिकाण सांगणारी कंपनी हिरव्या पानाच्या कंपनीपेक्षा जास्त खरी वाटते.

तिसरा प्रश्न पुराव्याचा. प्रमाणपत्र असेल तर त्याचा नंबर आहे का, आणि तो नंबर कंपनीच्या पानावर न तपासता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकून पाहता येतो का?

हा तिसरा प्रश्न एवढा का महत्त्वाचा, ते २०२० मध्ये दिसलं. सेंद्रिय कापडाचं गॉट्स नावाचं जागतिक मानक आहे. त्या संस्थेनं भारतातला सेंद्रिय कापसाचा मोठा घोटाळा उघड केला. सुमारे २०,००० टन कापूस खोट्या प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून पुढे गेला होता. त्या खोट्या प्रमाणपत्रांवर क्यूआर कोडही होते. कोड स्कॅन केला की अपेडा या सरकारी संस्थेच्या वेबसाइटची हुबेहूब नक्कल उघडायची, आणि पाहणाऱ्याला वाटायचं सरकारनंच खात्री दिली. म्हणजे कोड उघडला, हिरवी खूण दिसली, एवढ्यावर मोठमोठे खरेदीदार फसले. म्हणून कोडनं नेलेल्या दारातून आत जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करा आणि नंबर तिथे तपासा.

शब्दांचे अर्थ

सेंद्रिय. गॉट्सच्या चिन्हाखाली "ऑरगॅनिक" लिहायला कपड्यात किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, आणि "मेड विथ ऑरगॅनिक" लिहायला किमान ७०. चिन्हाखाली परवाना नंबर आणि प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव असतं. नंबराविना नुसतं चिन्ह दिसलं तर ते चित्र समजा. आपल्यासाठी आणखी एक गोष्ट कळीची आहे: सेंद्रिय कापसात बीटी, म्हणजे जनुक बदललेलं, बियाणं चालत नाही. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज विदर्भात जवळपास सगळी पऱ्हाटी बीटीचीच आहे, आमचीही. तेव्हा "विदर्भाचा सेंद्रिय कापूस" असं वाचलं की मी बियाणं कुठलं हे विचारते. सेंद्रिय पिकवणारे शेतकरी आपल्याकडे आहेत, पण मोजके आहेत, आणि त्यांच्या नावावर भलत्याचा माल विकला जाऊ नये म्हणूनच हे विचारायचं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कमी विषारी शेतीला जास्त पैसे द्यायची एखाद्या ग्राहकाची तयारी असेल, तर तो पैसा खऱ्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

बेटर कॉटन. हे सेंद्रिय नाही. पाणी आणि फवारणी कमी करायची, मजुरांची काळजी घ्यायची, अशा काही अटींवर पिकवलेला कापूस. यातला बराच माल वजनाच्या हिशोबावर चालतो. दूध डेअरीचं उदाहरण घ्या. आपण दहा लिटर दूध घातलं, ते सगळ्यांच्या कॅनमध्ये मिसळलं, आणि संध्याकाळी आपल्याला दहा लिटरची पावती मिळाली. पावती खरी, पण आपल्या गाईचं दूध कोणत्या पिशवीत गेलं हे कुणी सांगू शकत नाही. तसंच हे. कंपनीनं तेवढ्या वजनाचा कापूस विकत घेतल्याचा हिशोब खरा असतो, तुमच्या हातातल्या शर्टात तोच असेल याची हमी नसते. अलीकडे माग काढता येणारा बेटर कॉटनही मिळू लागलाय, म्हणून लेबलावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

रिसायकल. पॉलिएस्टरच्या कपड्यावर हे दिसलं तर बहुधा ते प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनलेलं असतं. टक्के लिहिले नसतील तर दुर्लक्ष करा.

इको-फ्रेंडली, ग्रीन, सस्टेनेबल, नॅचरल. हे शब्द आता मोकाट वापरता येत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये हिरव्या दाव्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. असा शब्द वापरला तर तो नेमका कशाबद्दल, कपड्याबद्दल की नुसत्या पिशवीबद्दल, आणि पुरावा काय, हे ग्राहकाला कळेल असं सांगावं लागतं. हा खुलासा क्यूआर कोडमधून द्यायलाही मुभा आहे. युरोपातही हेच झालं. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणानं आक्षेप घेतल्यावर एच अँड एम आणि डेकॅथलॉन या दोन कंपन्यांनी असे मोघम शब्द काढायचं किंवा बदलायचं कबूल केलं आणि काही लाख युरो चांगल्या कामाला दिले.

पाण्याचे आकडे. एका सुती टी-शर्टाला २,७०० लिटर पाणी लागतं, असं पुष्कळ टॅगवर लिहितात आणि पुढे आपला पॉलिएस्टरचा कपडा खपवतात. हा जगभरचा ढोबळ आकडा आहे. आपल्या कोरडवाहू वावरात पऱ्हाटी आभाळातल्या पाण्यावर वाढते, त्यासाठी कुणी नदी आटवत नाही. पावसाचं पाणी आणि धरणातून उपसलेलं पाणी एका तराजूत घालणारा टॅग वाचला की माझ्या सासऱ्यांचा चेहरा मला आठवतो. जून-जुलैत ते रोज आभाळाकडे पाहतात.

माग कुठे तुटतो

काकूंच्या प्रश्नाकडे परत येते. कापूस आपल्या इकडला आहे का, हे कळू शकतं का?

काही प्रमाणात, हो. सीसीआय जो कापूस खरेदी करते त्याच्या रुईच्या दाबून बांधलेल्या गाठींवर आता क्यूआर कोड असतो. कापूस कोणत्या गावाकडून आला, कोणत्या कारखान्यात दाबला, अशी माहिती त्यात असते. केंद्र सरकारनं ७ ऑक्टोबर २०२० ला, जागतिक कापूस दिनी, भारतीय कापसाला "कस्तुरी" हे नाव दिलं. त्या कार्यक्रमातही जिनिंगपासून प्रत्येक टप्प्यावर क्यूआर कोड आणि ब्लॉकचेन नावाची नोंदवही आहे. तिथे एकदा लिहिलेलं मागाहून गुपचूप खोडता येत नाही.

पण जिनिंगच्या आवारात कधी उभे राहिला असाल तर अडचण तुम्हाला लगेच कळेल. एक गाठ १७० किलोची. एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. आवारात पन्नास गाड्यांचा माल एकाच ढिगावर पडतो. माझा, तुमचा, पलीकडच्या तालुक्यातल्या व्यापाऱ्यानं खेडा खरेदीत गोळा केलेला. ढीग झाला की कुणाचा कापूस कुठला हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून प्रामाणिक कोड जिनिंगपर्यंत, फार तर गावांपर्यंत नेतो. एखाद्या टॅगवर एकाच शेतकऱ्याचा फोटो आणि "याच्या शेतातला कापूस" असं लिहिलेलं दिसलं, तर त्याचा कापूस वेगळा साठवला, वेगळा रेचला, वेगळा कातला का, ते विचारा. छोट्या खादी संस्थेत असं होऊ शकतं. लाखो शर्ट काढणाऱ्या कंपनीत ते जवळपास अशक्य आहे.

पुढे सूतगिरणीत वेगवेगळ्या ठिकाणच्या गाठी मुद्दाम मिसळतात, सूत एकसारखं यावं म्हणून. इथे गैर काही नाही, तो धंद्याचा भाग आहे. पण गाठीवरचा कोड शर्टावरच्या कोडपर्यंत पोचवायचा तर गिरणीनं कोणत्या गाठी कोणत्या लॉटमध्ये घातल्या याची नोंद ठेवायला हवी. कुणी ती ठेवतं, कुणी नाही.

एक हिशोब मी वहीत करून ठेवलाय. टी-शर्टाचं वजन दीडशे-दोनशे ग्रॅम. वाया जाणारं धरूनही क्विंटलभर कापसातून शंभराच्या वर टी-शर्ट होतात. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे तो पूर्ण मिळाला तरी एका टी-शर्टामागे शेतकऱ्याच्या हाती फार तर ८० रुपये येतात, त्यातही सरकीचे पैसे आले, आणि बियाणं, खत, फवारणी, वेचाई सगळं त्यातूनच जातं. शर्ट आठशेला विकला जातो. शेतकऱ्याला काय मिळालं ही ओळ मी आजवर एकाही कोडमध्ये वाचलेली नाही.

जुनी चिन्हं विसरू नका

हातमाग चिन्ह २००६ पासून आहे, रेशमाचं सिल्क मार्क २००४ पासून, खादी मार्क २०१३ पासून. सिल्क मार्कच्या लेबलावर नंबर आणि क्यूआर दोन्ही असतात. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावची करवती साडी घ्यायची असेल तर ते पाहाच. करवतीला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या कोशाचं टसर आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, ही तिची ओळख. तसाच काठ छापलेली यंत्रमागाची साडी निम्म्या किमतीत मिळते. साडी उलटी करून काठ पाहा: विणलेली नक्षी मागच्या बाजूलाही उतरते, छापलेली मागून फिकी दिसते.

घरी आल्यावर

कपड्याचं निम्मं आयुष्य आपल्या हातात असतं, म्हणून धुलाईची चिन्हंही शिका. पाण्याची टोपली म्हणजे धुणं, आतला आकडा पाण्याची जास्तीत जास्त उष्णता. हात दिसला तर हातानंच धुवा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, इस्त्रीतले ठिपके उष्णतेचे. गडद सुती कपडे उलटे करून सावलीत वाळवा, आपलं मेचं ऊन रंग खाऊन टाकतं. बाकी फाटलं की शिवणं, मोठ्याचं लहानाला, आणि शेवटी गोधडी, हे आपल्या घरांत आधीपासून आहे. एवढंच लक्षात ठेवा की जुन्या सुती लुगड्याची गोधडी मऊ होते आणि पॉलिएस्टरच्या साडीची अंगाला चिकटते. म्हणजे गोधडीचा विचारसुद्धा विकत घेतानाच करायचा.

बचत गटानं स्वतःचा कोड लावायचा असेल तर

आधी ग्राहक नीट समजून घ्या. दुकानात मी जे पाहते ते असं. सगळे म्हणतात, चांगला कापूस पाहिजे, औषधं नको, आपल्या माणसाला पैसे मिळाले पाहिजे. मग हात किमतीकडे जातो. यात ढोंग नाही. दिवाळीला घरातल्या पाच जणांचे कपडे घ्यायचे आणि कापसाचे पैसे अजून आलेले नाहीत, तेव्हा शंभर रुपयांचा फरक म्हणजे एका लेकराचा शर्ट. त्याच माणसाला "रंग जाणार नाही, गेला तर परत आणा" असं सांगितलं तर तो शंभर रुपये जास्त देतो. पर्यावरण हा शब्द त्याला लांबचा वाटतो, टिकाऊपणा जवळचा. शहरातून येणारी पाहुणे मंडळी, सेवाग्राम पाहून परतणारी, उलट विचारतात: कुणी शिवलं, कुठला कापूस, रंग कशाचा. वर्ध्याला मगन संग्रहालयात आणि तिथल्या खादीच्या दुकानात जाऊन या, नैसर्गिक रंगाच्या कापडाबद्दल लोक काय विचारतात ते ऐकत उभं राहा. एका दुपारीत पुष्कळ कळतं.

कोडच्या मागचं पान मराठीत लिहा, खाली हिंदी. पाच ओळी पुरे: कापड कुणाकडून घेतलं, त्यात काय किती टक्के, कुठे रंगवलं, कुणी शिवलं आणि धुवायचं कसं. जे माहीत नाही ते लिहू नका. सूत बाहेरून आणलं असेल तर "सूत बाजारातून घेतलं, कापूस कुठला ते आम्हाला माहीत नाही" असं लिहा. आमच्या तालुक्यातल्या एका गटानं असं लिहिलं, तेव्हा मला धाकधूक होती, पण एकाही ग्राहकानं कपडा परत ठेवला नाही. "सेंद्रिय" हा शब्द हातात प्रमाणपत्र असल्याशिवाय नको. सूत आणि कापडाची बिलं एका फाइलमध्ये ठेवा, कुणी विचारलं तर दाखवता आली पाहिजेत.

कोड बनवताना एक फसगत टाळा. फुकटात कोड बनवून देणाऱ्या काही वेबसाइट महिनाभरानं पैसे मागतात, आणि दिले नाहीत तर छापलेले सगळे टॅग आंधळे होतात. थेट आपल्या पानाचा पत्ता कोडमध्ये घाला, मधला दलाल नको. कोड किमान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा, बाजूला मोकळी जागा. छापण्याआधी घरातल्या सगळ्यात स्वस्त मोबाइलवर, संध्याकाळच्या उजेडात स्कॅन करून पाहा. कोड पुठ्ठ्याच्या टॅगवर असेल तर तो फेकला जाणार हे धरा, आणि टक्के व धुलाईची माहिती शिवलेल्या पट्टीवरही द्या. किंमत, साइज, नाव-पत्ता, फोन हे छापायचंच, कोड त्याची जागा घेऊ शकत नाही.

हे सगळं आत्ताच कशाला, असं गटातल्या बाया विचारतात. युरोपीय संघाचा नवा कायदा १८ जुलै २०२४ पासून लागू झालाय. त्यानुसार पुढे कपड्यांना डिजिटल पासपोर्ट लागणार आहे: कोड स्कॅन केला की धागा, प्रवास, दुरुस्ती, सगळं दिसलं पाहिजे. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क उभं राहतंय. तिथून युरोपला माल जायचा असेल तर या नोंदी मागितल्या जातील, आणि नोंदी ठेवायची सवय असलेल्या माणसांना काम मिळेल.

फसवणूक झाली तर

बिल घ्या, टॅग फेकू नका, शिवलेल्या पट्टीचा आणि उघडलेल्या पानाचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण पान दुसऱ्या दिवशी बदलू शकतं. आधी दुकानदाराशी बोला, नंतर टॅगवरच्या नंबरवर. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्याहून पुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि वकील बंधनकारक नाही.

काकूंच्या नातवाच्या त्या सदऱ्याचे दोन-तीन धागे मी जाळून, भिजवून तपासले. कापूस आणि पॉलिएस्टरची मिसळ निघाली; टॅगवर साठ-चाळीस लिहिलं होतं, पण नेमके टक्के घरी कळत नाहीत. कापूस कुठला ते विचारायला आम्ही दोघींनी मिळून टॅगवरच्या पत्त्यावर मराठीत एक ईमेल लिहिला. काकू सांगत होत्या, मी टाइप करत होते. "लिही, आमी कापूस पिकवतो, म्हणून इचारतो."